मार्क नऊ-ए बबल सेक्स्टंट: लँकेस्टरच्या नेव्हिगेटरचं काम हाताने करून बघायचं असेल तर

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी हा सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची उंची मोजून आपली जागा काढायचं यंत्र, घेतला. साडेतीनशे ऑस्ट्रेलियन डॉलर पडले, थोडी घासाघीस करून. हेन्री ह्यूजेस अँड सन या ब्रिटिश कंपनीचा, दुसऱ्या महायुद्धातला, मार्क नऊ-ए. काळा रंग कोपऱ्यांवर उडालाय, खालचा धातू दिसतो. पेटीच्या बिजागऱ्या शाबूत. चावी दिल्यावर आतलं घड्याळी यंत्र चालतं, आरसे स्वच्छ आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुडबुडा अजून जिवंत आहे. दिव्याचे संपर्क तेवढे गंजले होते, ते घासून दुरुस्त केले.

मी बरीच वर्षं बोटीवर सेकंड मेट होतो, म्हणजे जहाजाचा मार्ग आखणं हेच माझं काम. सेक्स्टंट मला नवा नाही. पण बोटीवरचा आणि हा यांत फरक मोठा आहे. आम्ही समुद्रावर तारा आरशातून खाली आणून क्षितिजावर टेकवतो. म्हणून ताऱ्यांचं निरीक्षण पहाटे किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेघही. वीस हजार फुटांवरून काळोख्या रात्री जाणाऱ्या लँकेस्टरसारख्या ब्रिटिश बॉम्बर विमानाला क्षितिज कुठलं? त्याच्यासाठी या यंत्रात क्षितिजाच्या जागी द्रवातला एक गोल बुडबुडा ठेवलाय, गवंड्याच्या पाणसळीत असतो तसाच. तारा आणि बुडबुडा एकमेकांवर बसवायचे, की ताऱ्याची उंची अंशांत मिळते.

वापरायची पद्धत सांगतो, कारण या यंत्राचा जीव तिथेच आहे. आधी ताऱ्याची अंदाजे उंची लावायची. एका कळीने ती दहा-दहा अंशांच्या टप्प्याने बदलते, उरलेलं काम बाजूच्या चाकाने. बुडबुड्याचा आकार कमी-जास्त करायला वेगळी खुंटी आहे. तो फार मोठाही चालत नाही, फार लहानही नाही. मग यंत्राला चावी देऊन खटका दाबायचा. आत टिकटिक सुरू होते आणि पुढची दोन मिनिटं चाक सतत हलकेच फिरवत तारा बुडबुड्यात राखायचा. या दोन मिनिटांत यंत्र आपलंआपण साठ वाचनं घेतं, दर दोन सेकंदांना एक, आणि त्यांची सरासरी काढत जातं. वेळ संपली की झडप पडते आणि तारा दिसेनासा होतो. मग दिव्याच्या उजेडात सरासरी वाचायची आणि त्या दोन मिनिटांच्या मधली वेळ टिपायची.

वाचताना सोपं वाटतं. हातात धरून बघा. पहिली तीस सेकंदं ठीक जातात. मग मनगट जड होतं, श्वासाबरोबर बुडबुडा वरखाली होऊ लागतो, डोळ्यात पाणी येतं, आणि तारा काठावरून निसटू पाहतो. मी हे कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर, उबदार हवेत, दोन्ही पाय वाळूत रोवून करतो. त्यांनी हे ऑक्सिजनचा मुखवटा लावून, गोठवणाऱ्या थंडीत, चार इंजिनांच्या थरथराटात, डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाला सेक्स्टंट अडकवून केलं.

सरासरी कशाला, हेही इथेच सांगायला हवं. बुडबुडा फक्त गुरुत्वाकर्षण ओळखत नाही. विमान वळलं, वेग वाढला, नाक जरा वर गेलं, की तो लगेच फसतो. एखादं वाचन चक्क कित्येक अंशांनी चुकीचं येऊ शकतं. विमान थोडं इकडे, थोडं तिकडे डोलत असतं, म्हणून दोन मिनिटांची सरासरी घेतली की चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. पण त्यासाठी वैमानिकाने ती दोन मिनिटं विमान सरळ आणि समपातळीत धरायला हवं. उत्तर समुद्रावर हे जमत असे. जर्मनीवर, जिथे रात्रीची लढाऊ विमानं मागावर असायची आणि वैमानिक मुद्दाम नागमोडी उडवायचा, तिथे दोन मिनिटं सरळ जाणं म्हणजे शिकाऱ्यासमोर उभं राहणं.

आता चाचणी. मी राहतो ती जागा सुमारे ३२ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि अचूक ठिकाण फोनवर कळतं, त्यामुळे चूक मोजणं सोपं. सेक्स्टंटमध्ये एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की जागा एक सागरी मैल चुकते. जमिनीवर, निवांतपणे, व्याध आणि अगस्त्य घेऊन मला तीन-चार मैलांच्या आतली जागा मिळते. ऐंशी वर्षांच्या यंत्राकडून हे उत्तमच म्हणायचं. नंतर एका मित्राच्या छोट्या बोटीवरून रॉटनेस्ट बेटाकडे जाताना वापरून पाहिला. लाटा फार नव्हत्या, तरी बुडबुडा काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होता. सरासरी काढूनही चूक पंधरा मैलांच्या पलीकडे गेली. समुद्रावर हे यंत्र नेऊ नका, तिथे आपला क्षितिजाचा सेक्स्टंटच बरा. विमानाची हालचाल लाटांपेक्षा संथ असते, पण चार-पाच मैलांची चूक तिथे चांगल्या हातालाही मान्य करावी लागत असे.

आणि ती चूक भूतकाळातली. लँकेस्टर तासाला साधारण १८० सागरी मैलांनी जात असेल तर नुसत्या दोन मिनिटांच्या निरीक्षणात ते सहा मैल पुढे गेलेलं असतं. मग ताऱ्यांच्या रोजच्या जागा देणाऱ्या नाविक पंचांगातून ताऱ्याची जागा काढायची, कोष्टकं उलटायची, नकाशावर रेघ मारायची. एका ताऱ्याने एकच रेघ मिळते. जागा ठरवायला दुसरा तारा हवा, शक्यतो तिसराही. सगळं होईपर्यंत नेव्हिगेटरला कळलेलं असतं ते एवढंच, की आपण दहा-पंधरा मिनिटांपूर्वी कुठे होतो. त्यावरून तो आत्ता कुठे आहोत याचा अंदाज बांधतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वारा कुठून किती जोराने ढकलतोय हे काढतो. बोटीवर असताना मीही प्रवाह असाच काढायचो, पण आमच्या बोटीचा वेग ताशी बारा-चौदा मैल. विचार करायला चहाचा कप संपवण्याएवढा वेळ असायचा.

हा सेक्स्टंट ज्या घरातून दुकानात आला, त्या घरातले एक आजोबा ऑस्ट्रेलियन हवाई दलात नेव्हिगेटर होते. दुकानदारीण बाईंनी त्यांच्या पुतण्याशी गाठ घालून दिली. पुतणेही आता सत्तरीत आहेत. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं की हे यंत्र लँकेस्टरमधलं नाही. विमानातली उपकरणं परत करावी लागत. युद्धानंतर उरलेलं लष्करी सामान विक्रीला निघालं तेव्हा काकांनी हौसेने विकत घेतलं होतं. लॉगबुक त्यांनी घरातच ठेवलंय, आणि ठेवायलाच हवं. मला त्याची पानं बघू दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्या पानांमुळे मला यंत्राची खरी किंमत कळली. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी मिळून विमानदलाची माणसं तयार करायची, अशा साम्राज्य हवाई प्रशिक्षण योजनेत १९३९च्या शेवटी ऑस्ट्रेलियाने सही केली आणि देशभरातली लहान गावं शाळा बनली. या काकांचं नेव्हिगेशन दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गँबियरला सुरू झालं, ताऱ्यांचं शिक्षण व्हिक्टोरियातल्या निलला. तिथे अ‍ॅन्सन विमानातून गव्हाच्या शेतांवरून रात्री उडायचं आणि तारे घ्यायचे. अगस्त्य, अग्रनद, मित्र: दक्षिणेचं आकाश पाठ. निल आहे ३६ अंश दक्षिणेला. तिथून ध्रुवतारा कधीच उगवत नाही. मग हा मुलगा जहाजाने इंग्लंडला पोचतो, लिचफिल्डच्या तळावर पुढचं प्रशिक्षण घेतो, लिंकनशरमधल्या बिनब्रूकला ४६० स्क्वाड्रन या ऑस्ट्रेलियन बॉम्बर तुकडीत दाखल होतो, आणि तिथे ज्या ताऱ्यावर अक्षांश सगळ्यात झटपट मिळतो तो त्याने घरी असताना एकदाही पाहिलेला नसतो. बिनब्रूकवरून ध्रुव साधारण ५३ अंश उंच दिसतो. सप्तर्षी, अभिजित, ब्रह्महृदय हे सगळं नव्याने डोळ्यांत बसवायचं, तेही ढगांच्या फटीतून दिसेल तेवढ्यात. मी उत्तरेतून दक्षिणेत आलो तेव्हा पहिल्या वॉचला आकाश उलटं वाटलं होतं. पण माझ्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

लॉगबुकात रात्रीच्या मोहिमा लाल शाईने लिहिलेल्या आहेत, हवाई दलाची तशी रीतच होती. एका ओळीत तारीख, विमानाचं अक्षर, वैमानिकाचं नाव, 'ऑप्स बर्लिन' आणि तास. बस. सात-साडेसात तासांची रात्र एका ओळीत मावलेली. १९४३-४४च्या हिवाळ्यात बर्लिन पुन्हापुन्हा येतं. त्यात २४ मार्च १९४४ची ओळ आहे, आणि तिच्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द: वारा.

त्या रात्रीबद्दल मला आधीपासून माहीत होतं, म्हणून त्या शब्दावर थबकलो. ८११ विमानं बर्लिनला निघाली होती. उत्तरेचा वारा हवामान खात्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाला, ताशी शंभर मैलांच्याही वर. तेव्हा एक पद्धत होती: निवडक अनुभवी नेव्हिगेटर प्रत्यक्ष मोजलेला वारा वायरलेसने इंग्लंडला कळवायचे, तिथे त्यांची सरासरी काढून सगळ्या विमानांना तो वारा सांगितला जायचा. त्या रात्री आकडे आले ते इतके मोठे होते की काही नेव्हिगेटरांचा स्वतःच्या गणितावरच विश्वास बसला नाही. त्यांनी कमी करून कळवले. खाली इंग्लंडमध्ये ते आणखी कमी केले गेले. उंचावरच्या ज्या वेगवान वाऱ्याला आज आपण जेट स्ट्रीम म्हणतो त्याची तेव्हा पुरती ओळख नव्हती. विमानांचा तांडा दक्षिणेला विखुरला, परतताना कित्येक जण तोफांनी भरलेल्या, जर्मनीतल्या रूरच्या खोऱ्यावर वाहत गेले. ७२ विमानं परतली नाहीत. जेमतेम आठवड्याने, ३० मार्चच्या रात्री, न्यूरेंबर्गला ७९५ गेली आणि ९५ गमावली. तिथेही वारा चुकीचा धरला गेला होता, आणि शंभरावर विमानांनी न्यूरेंबर्ग समजून वायव्येला असलेल्या श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकले.

लोक धैर्य म्हटलं की वैमानिक आणि तोफची आठवतात. मला त्या नेव्हिगेटरचं धैर्य मोठं वाटतं ज्याने पडद्याआडच्या दिव्याखाली गणित केलं, उत्तर अशक्य आलं, पुन्हा केलं, तेच आलं, आणि कुणी मानो न मानो, तेच कळवलं. त्याला बाहेरचं काही दिसत नसे. डाव्या भिंतीला तोंड करून तो टेबलाशी बसलेला असायचा, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून भोवती पडदा. सात माणसांच्या विमानात परत घरी नेण्याचा भार त्याच्या पेन्सिलीवर होता. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बर विमानांच्या विभागात, सुमारे १०,००० ऑस्ट्रेलियन होते आणि त्यांतले जवळपास साडेतीन हजार मेले. एकट्या ४६० स्क्वाड्रनमध्ये सर्व देशांचे मिळून हजाराहून जास्त. काकांनी तीस मोहिमांची फेरी पूर्ण केली, ही गोष्ट त्या काळात किती जणांच्या वाट्याला आली असेल याचा हिशेब करवत नाही.

आता सेक्स्टंटचं यात स्थान किती, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, कारण विकणारे याला 'बर्लिनपर्यंत वाट दाखवणारं यंत्र' म्हणून विकतात. १९४१मध्ये ते काही अंशी खरं होतं, आणि परिणाम वाईट होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या, ब्रिटिश बॉम्बफेकीची अचूकता मोजणाऱ्या बट अहवालात विमानातून घेतलेले फोटो तपासले, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्यांपैकी तीनातलं एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. १९४२च्या मार्चपासून 'जी' नावाची रेडिओ पद्धत आली. इंग्लंडमधून सुटणारे संकेत पडद्यावर मोजायचे, विशेष नकाशावर जागा काढायची. सरावलेला नेव्हिगेटर दर सहा मिनिटांनी जागा ठरवत असे, कारण सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग आणि वेगाचं गणित तोंडी होतं. पण जर्मनांनी तिच्यात गडबड करायला सुरुवात केल्यावर हॉलंडचा किनारा ओलांडला की तिचा भरवसा नसे. मग जमीन दाखवणारं एचटूएस रडार आलं, पण त्याचे किरण शत्रूची विमानंही हुंगत. अशा वेळी सेक्स्टंट पेटीतून निघायचा. तो हाताशी ठेवलेला शेवटचा आधार होता. शिवाय कित्येकदा नेव्हिगेटर टेबलावरून हलायचाच नाही. घुमटाखाली उभा राहून तारा घ्यायचा तो बॉम्ब टाकणारा, आणि आकडा ओरडून सांगायचा.

ताऱ्यांवर खरोखर भिस्त होती ती इकडे, हिंदी महासागरावर. पर्थमध्ये स्वान नदीच्या क्रॉली किनाऱ्यावरून १९४३ ते १९४५ या काळात कँटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची, पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमानं सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, कोग्गला तलावापर्यंत जात. सत्तावीस ते तेहेतीस तास, मध्ये कुठेही न उतरता, जपानी विमानांच्या टप्प्यातून, रेडिओ बंद ठेवून. प्रवासी जास्तीत जास्त तीन. अशा २७१ फेऱ्या झाल्या. ते नेव्हिगेटर कँटासचे, हवाई दलाचे नव्हेत, पण आकाश तेच आणि गणितही तेच. संध्याकाळी क्रॉलीला जाऊन, पश्चिमेकडे तोंड करून या सेक्स्टंटने एखादा तारा घ्या. पाण्यावरून सुटलेल्या विमानाला पुढचा सगळा मार्ग यावरच काढायचा होता हे अंगावर येतं. वेळ असेल तर त्याआधी बुल क्रीकच्या विमान संग्रहालयात जा. तिथे लँकेस्टर आणि कॅटालिना, दोन्ही आहेत. लँकेस्टर जवळून पाहिलं की बाहेरून राक्षसी वाटणाऱ्या त्या विमानात माणसांसाठी जागा किती कमी ठेवली होती ते कळतं.

विकत घेणाऱ्यांसाठी. बुडबुडा नसेल तर यंत्र घेऊ नका, विक्रेता कितीही 'सहज दुरुस्त होतं' म्हणो. आतला द्रव उडालेला असतो आणि ती कोठडी उघडून पुन्हा भरणं जाणकाराचंच काम आहे; ते शोधण्यात आणि त्यांच्या मजुरीत यंत्राच्या किमतीएवढे पैसे जातील. दुकानातच चावी देऊन यंत्र पूर्ण दोन मिनिटं चालवून बघा, घड्याळ लावून. मध्येच अडखळलं किंवा शेवटी झडप पडली नाही तर सरासरीचा उपयोग नाही, आणि सरासरी हाच याचा गाभा. दिवसा काळ्या काचा लावल्याशिवाय सूर्याकडे मुळीच बघू नका. त्या काळातल्या उपकरणांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो, म्हणून असा रंग दिसला तर खरवडू नका, सुटं करू नका, मुलांच्या हाती देऊ नका. सोबत चालू वर्षाचं पंचांग लागेल. ते नसेल तर हे नुसतं देखणं लोखंड.

शोभेच्या कपाटासाठी हवा असेल तर याहून स्वस्त, चकचकीत पितळी नकला मिळतात, त्या घ्या आणि चालू यंत्र वापरणाऱ्यासाठी सोडा. रात्री बाहेर उभं राहून चूक कमी करत नेण्याची चिकाटी असेल, त्याला मात्र मी हे डोळे झाकून घ्यायला सांगेन. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण दिव्यासाठी कापला: आकडे वाचण्यापुरता उजेड देतो, पण बुडबुड्यावरचा प्रकाश हव्या तेवढा मंद होत नाही आणि फिका तारा त्यात हरवतो. मी बल्बसमोर लाल प्लास्टिकचा तुकडा चिकटवलाय, त्याने बरंच जमतं.